आयुर्विमा कंपनीच्या ताळेबंदातलं सर्वांत मोठं देणं

आयुर्विमा कंपनीचा वार्षिक अहवाल पहिल्यांदा उघडणारा माणूस एका शब्दाशी हमखास अडखळतो. तो शब्द म्हणजे ‘राखीव निधी’. निधी म्हटलं की बाजूला काढून ठेवलेले पैसे डोळ्यांसमोर येतात. म्हणून तो ताळेबंदात मालमत्तेच्या रकान्यात हा निधी शोधत बसतो. तिथे तो मिळत नाही. मिळतो तो समोरच्या बाजूला, देण्यांमध्ये, आणि बहुतेक वेळा त्या बाजूचा सर्वांत मोठा आकडा तोच असतो.

हा घोळ नुसत्या शब्दामुळे होतो. इथे राखीव निधी हे एका मोजमापाचं नाव आहे. आज चालू असलेल्या सगळ्या पॉलिसींपोटी कंपनीला पुढे जे द्यावं लागेल, त्यातून याच पॉलिसींवर पुढे मिळणारे हप्ते वजा केले, तर आजच्या हिशेबाने किती देणं उरतं, ते हा आकडा सांगतो. ते भागवायला लागणारे खरे पैसे दुसऱ्या रकान्यात, सरकारी रोखे, कंपन्यांचे रोखे, कर्जं, समभाग, इमारती यांत गुंतवलेले असतात. अलीकडच्या अहवालांत याच आकड्याला ‘विमा करारांची दायित्वे’ म्हणतात आणि ते नाव जास्त प्रामाणिक आहे. या लेखात मी साधेपणाने ‘पॉलिसींचं देणं’ म्हणेन.

इतर कंपन्यांची देणी कशी असतात ते आठवून पाहा. बँकेचं कर्ज असेल तर रक्कम ठरलेली, तारीख ठरलेली. माल पुरवणाऱ्याचं बिल कागदावर असतं. आयुर्विम्यात मात्र रक्कम, तारीख, किंवा मुळात द्यावं लागेल की नाही, यांतलं काहीतरी कायम अज्ञात असतं. मुदत विम्यात मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे द्यायचे, म्हणजे द्यावे लागतील का हेच माहीत नाही. आजीवन विम्यात द्यावे लागणार हे नक्की, पण कधी ते माहीत नाही. आयुष्यभर पेन्शन देणाऱ्या ॲन्युइटीत, म्हणजे वर्षासनात, कधीपासून द्यायचे ते माहीत असतं, किती वर्षं ते माहीत नसतं. एका माणसाबाबत हे कुणीच सांगू शकत नाही. हजारोंच्या समूहाबाबत मात्र बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. पॉलिसींचं देणं हा असा, समूहाबद्दल बांधलेला अंदाज आहे. तो काढणाऱ्या तज्ज्ञाला ॲक्च्युअरी किंवा विमागणिती म्हणतात.

आता हे देणं जन्माला कसं येतं ते पाहू. इथे थोडा वेळ थांबायला हवं, कारण एकदा हे कळलं की पुढचं बरंच आपोआप उलगडतं.

समजा १,००० माणसांनी ३ वर्षांचा मुदत विमा घेतला. कुणी गेलं तर त्याच्या वारसाला १,००० मिळणार. (चलन कुठलंही धरा.) मृत्यूचं प्रमाण वयाबरोबर वाढतं. हिशेब स्पष्ट दिसावा म्हणून ही वाढ मुद्दाम मोठी धरतो: पहिल्या वर्षी १०, दुसऱ्या वर्षी २० आणि तिसऱ्या वर्षी ३० मृत्यू. व्याज आणि खर्च सध्या बाजूला ठेवू. दावे किती झाले? पहिल्या वर्षी १०,०००, मग २०,०००, मग ३०,०००. एकूण ६०,०००.

कंपनी दरवर्षी त्या त्या वर्षापुरताच हप्ता घेऊ शकली असती. मग पहिल्या वर्षी प्रत्येकाला १० पडले असते, दुसऱ्या वर्षी उरलेल्या ९९० जणांना सुमारे २०.२०, तिसऱ्या वर्षी ९७० जणांना सुमारे ३०.९३. म्हणजे वय वाढेल तसा हप्ता वाढत जाणार. खऱ्या आयुष्यात, चाळीस-चाळीस वर्षांच्या पॉलिसीत, म्हातारपणी हा हप्ता परवडेनासा होतो आणि ऐन गरजेच्या वेळी माणसाला विमा सोडावा लागतो. म्हणून कंपन्या सर्व वर्षांसाठी एकच सपाट हप्ता घेतात. आपल्या उदाहरणात तीन वर्षांत मिळून १,००० + ९९० + ९७० = २,९६० हप्ते येतील. ६०,००० ला २,९६० ने भागलं की सपाट हप्ता येतो सुमारे २०.२७.

पहिल्या वर्षी काय झालं? २०,२७० जमा झाले, १०,००० दाव्यांत गेले, हातात १०,२७० उरले. हा नफा आहे का? वरवर पाहिलं तर वाटतो. पण पुढच्या दोन वर्षांत ५०,००० चे दावे यायचे आहेत आणि त्यासाठी येणारे हप्ते आहेत १,९६० गुणिले २०.२७, म्हणजे सुमारे ३९,७३०. तूट सुमारे १०,२७०. हातात उरलेली रक्कम आणि पुढची तूट तंतोतंत जुळते. ते १०,२७० कंपनीचे नाहीतच. ते पॉलिसीधारकांनी तरुणपणी आगाऊ भरलेले, पुढच्या जास्त जोखमीच्या वर्षांसाठीचे पैसे आहेत. दुसऱ्या वर्षी सुमारे २०,०६७ जमा होऊन २०,००० जातील, देणं राहील साधारण १०,३३७. तिसऱ्या वर्षाचे हप्ते येऊन ३०,००० चे दावे दिले की शिल्लक शून्य. पॉलिसींचं देणं असं चढतं, टिकतं आणि उतरतं. बचतीचा भाग असलेल्या पॉलिसीत ते मुदत संपेपर्यंत चढतच जातं, कारण शेवटी जिवंत असणाऱ्यालाही पूर्ण रक्कम द्यायची असते.

हे आज सरळ वाटतं, पण इथपर्यंत यायला वेळ लागला. ज्याच्या नावाचा धूमकेतू आपण ओळखतो त्या एडमंड हॅले यांनी १६९३ साली ब्रेस्लाव शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून मर्त्यता तक्ता बनवला आणि वर्षासनाची किंमत वयाप्रमाणे कशी बदलायला हवी ते दाखवलं. (हे शहर आज पोलंडमध्ये आहे, नाव व्रोत्सवाफ.) पुढे लंडनमधले गणिती जेम्स डॉडसन यांना वय जास्त म्हणून एका संस्थेने विमा नाकारला. त्यांनी त्यावरून विचार सुरू केला: वयाप्रमाणे हप्ता ठरवला आणि तो आयुष्यभर सपाट ठेवला, तर कुणालाही नाकारण्याचं कारणच उरणार नाही. डॉडसन १७५७ मध्ये वारले, पण त्यांच्या कल्पनेवर १७६२ साली लंडनमध्ये इक्विटेबल सोसायटी उभी राहिली. ‘ॲक्च्युअरी’ हे पद विम्यात रुळलं ते याच संस्थेमुळे. तिचं नाव लक्षात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

सपाट हप्त्याची कल्पना आली खरी, पण सुरुवातीच्या वर्षांत जमणारा पैसा ‘आपलाच’ समजून वाटून टाकण्याचा मोहही तिच्याबरोबरच आला. त्याविरुद्ध सर्वांत चिवटपणे झगडलेला माणूस म्हणजे अमेरिकेतले एलायझर राइट. गणिताचे प्राध्यापक आणि गुलामगिरीविरोधी चळवळीतले कार्यकर्ते. १८४४ साली ते लंडनला गेले असताना त्यांनी म्हाताऱ्या लोकांच्या विमा पॉलिसींचा लिलाव पाहिला. हप्ता भरणं ज्यांना झेपत नव्हतं ते आपली पॉलिसी बोली लावणाऱ्याला विकत होते, आणि विकत घेणाऱ्याचा फायदा विकणारा लवकर मरण्यात होता. गुलामांच्या बाजाराविरुद्ध लढलेल्या माणसाला हे दृश्य विसरता येणं शक्य नव्हतं. राइट यांच्या प्रयत्नांमुळे मॅसॅच्युसेट्स राज्यात १८५८ साली विमा कंपन्यांनी पॉलिसींचं देणं ठरलेल्या गणिती पद्धतीने मोजून तेवढी मालमत्ता बाळगावी असा कायदा झाला. १८६१ साली आणखी एक कायदा आला, हप्ता थांबला म्हणून पॉलिसीचं साचलेलं मूल्य पूर्ण जप्त होऊ नये असा. आज आपण ज्याला सरेंडर मूल्य म्हणतो, त्यामागचा विचार तोच: ते पैसे आधीपासूनच पॉलिसीधारकाचे आहेत. ताळेबंदातल्या त्या रुक्ष आकड्यामागे इतका मोठा नैतिक लढा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्या उदाहरणात मृत्यूंचे आकडे आधीच माहीत होते आणि व्याज नव्हतं. खऱ्या ताळेबंदात पुढची तीस-चाळीस वर्षं गृहीत धरावी लागतात. गृहीतकं मुख्यतः चार: लोक कधी मरतील, पैशावर किती व्याज मिळेल, किती जण मध्येच पॉलिसी सोडतील आणि पॉलिसी सांभाळायला खर्च किती येईल.

मृत्यूच्या गृहीतकात एक गंमतीशीर पेच आहे. सावधगिरी कुठल्या दिशेची हे पॉलिसीवर अवलंबून असतं. मुदत विम्यात माणसं अपेक्षेपेक्षा लवकर गेली तर कंपनीला तोटा, म्हणून सावध ॲक्च्युअरी मृत्यूदर थोडा जास्त धरतो. वर्षासनात माणसं अपेक्षेपेक्षा जास्त जगली तर तोटा, म्हणून तिथे तोच ॲक्च्युअरी मृत्यूदर थोडा कमी धरतो. एकाच कंपनीत, एकाच दिवशी, एकाच वयाच्या माणसांसाठी दोन वेगळे तक्ते वापरणं त्यामुळे अगदी रास्त असतं. ज्या कंपनीकडे दोन्ही प्रकारचा धंदा आहे तिथे एका बाजूचा फटका दुसरीकडे काही अंशी भरून निघतो.

सोडून जाणाऱ्यांचा अंदाज त्याहून नाजूक. काही पॉलिसी अशा असतात की सुरुवातीची वर्षं हप्ते भरून मध्येच सोडल्या तर पॉलिसीधारकाला फारसं काही मिळत नाही, देणं मात्र कंपनीच्या पुस्तकातून उतरतं. अशा ठिकाणी ‘बरेच जण सोडून देतील’ असं धरलं की देणं आपोआप लहान दिसतं. आणि लोक शहाणे निघाले, पॉलिसी धरून राहिले, तर देणं फुगतं. दुसरीकडे, ज्या पॉलिसींचं सरेंडर मूल्य मोठं असतं तिथे भीती उलटी: बाजारात व्याजदर चढले, लोकांना दुसरीकडे जास्त परतावा दिसला, की ते एकदम पैसे मागायला येतात. नेमके तेव्हाच कंपनीकडच्या जुन्या रोख्यांचे भाव पडलेले असतात. म्हणून अनेक देशांच्या नियमांत एखाद्या पॉलिसीचं देणं तिच्या सरेंडर मूल्यापेक्षा कमी दाखवायला बंदी असते.

खर्चाबद्दल इतकंच, की महागाई वाढली तर तोही वाढतो, आणि नवा धंदा बंद झालेल्या कंपनीत कमी होत जाणाऱ्या पॉलिसींवर तोच कार्यालयीन खर्च पडत राहतो.

सर्वांत जास्त ताकद व्याजदराच्या गृहीतकात आहे. आजपासून ३० वर्षांनी १०० द्यायचे आहेत. मधल्या काळात ५ टक्के व्याज मिळेल असं धरलं तर आज सुमारे २३ बाजूला हवेत. ४ टक्के धरलं तर सुमारे ३१. ३ टक्के धरलं तर ४१. २ टक्के धरलं तर ५५. वचन तेच, माणूस तोच, तारीख तीच. फक्त दर ५ वरून ३ वर आणला तर देणं तीन चतुर्थांशांहून जास्त वाढलं. वार्षिक अहवालात ‘व्याजदराच्या गृहीतकात बदल’ अशी एक निरुपद्रवी ओळ दिसते, तिच्या मागे हे गणित असतं.

या ओळीने बुडवलेल्या कंपन्यांचं सर्वांत ठळक उदाहरण जपानमधलं आहे. १९८० च्या दशकात तिथल्या आयुर्विमा कंपन्यांनी ग्राहकांना दीर्घ मुदतीसाठी ५ टक्क्यांहून जास्त परताव्याची हमी दिली. तेव्हा बाजारात तेवढं मिळत होतं. मग फुगा फुटला, समभाग आणि जमिनींचे भाव कोसळले, आणि फेब्रुवारी १९९९ पर्यंत बँक ऑफ जपानने व्याजदर जवळजवळ शून्यावर आणला. पॉलिसी मात्र जुन्याच हमीने चालू होत्या. मिळणारं व्याज दिलेल्या हमीपेक्षा कमी, वर्षानुवर्षं. जपानी लोक याला ‘ग्याकुझाया’ म्हणजे उलटा फरक म्हणतात. एप्रिल १९९७ मध्ये निस्सान म्युच्युअल लाइफ बुडाली, दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे बुडालेली ती पहिली आयुर्विमा कंपनी. २००१ पर्यंत हा आकडा सातवर गेला. त्यात पॉलिसीधारकांनाही किंमत मोजावी लागली, कारण उरलेल्या पॉलिसींवरचे हमीचे दर खाली आणले गेले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. या कंपन्यांनी एका रात्रीत पैसे उधळले नव्हते. देणं आधीपासून वाढत होतं, पण जुन्या दराने मोजलेलं असल्यामुळे ताळेबंदात ते वाढलेलं दिसत नव्हतं. जुन्या हिशेब-पद्धतींची हीच मोठी खोट होती: पॉलिसी विकली त्या दिवशीची गृहीतकं कुलूप लावल्यासारखी पक्की करायची आणि परिस्थिती अगदी बिघडल्याशिवाय ती बदलायची नाहीत. त्याने नफा दरवर्षी शांत, गुळगुळीत दिसायचा. अमेरिकेतल्या पारंपरिक पॉलिसींचा हिशेब कित्येक वर्षं असाच चालला. तिथल्या मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांसाठी तो २०२३ पासून बदलला.

दुसरी खोट हमी आणि पर्यायांच्या मोजमापात होती, आणि तिथे पुन्हा इक्विटेबल येते. या संस्थेने १९५७ ते १९८८ या काळात विकलेल्या अनेक पेन्शन पॉलिसींमध्ये निवृत्तीच्या वेळी ठरलेल्या दराने वर्षासन घेण्याचा पर्याय होता. व्याजदर चढे होते तोवर बाजारात त्याहून चांगला दर मिळायचा, म्हणून तो पर्याय कुणी वापरत नसे आणि त्याला काही किंमत आहे असं कुणाला वाटतही नसे. १९९० च्या दशकात व्याजदर उतरले, माणसं जास्त जगू लागली, आणि तो झोपलेला पर्याय अचानक मौल्यवान झाला. संस्थेने हमी वापरणाऱ्यांचा अंतिम बोनस, म्हणजे पॉलिसी पूर्ण होताना नफ्यातून मिळणारी जादा रक्कम, कमी करून खर्च सांभाळायचा प्रयत्न केला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जुलै २००० मध्ये निकाल संस्थेच्या विरुद्ध लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिने नवा धंदा घेणं थांबवलं. पर्याय दिला त्या दिवसापासून ते देणं होतं. आज त्याची किंमत शून्य दिसते म्हणून उद्याही शून्यच राहील असं मानणं चूक होतं. आता हमी आणि पर्यायांची किंमत काढताना व्याजदराच्या शेकडो, कधी हजारो संभाव्य वाटा संगणकावर चालवून पाहिल्या जातात आणि त्या सगळ्यांची सरासरी धरली जाते.

नव्या पद्धतीचं नाव आहे आयएफआरएस १७. हे आंतरराष्ट्रीय हिशेब-मानक मे २०१७ मध्ये जाहीर झालं आणि १ जानेवारी २०२३ पासून लागू झालं. त्याआधीचं मानक, आयएफआरएस ४, प्रत्येक देशाला बऱ्याच अंशी आपापल्या जुन्या पद्धतीने मोजू देत होतं, त्यामुळे दोन देशांतल्या विमा कंपन्यांची तुलना करणं जवळजवळ अशक्य होतं. नव्या मानकात देण्याचे तीन थर असतात. पहिला, पुढच्या जमाखर्चाचा आजच्या गृहीतकांवर आणि आजच्या बाजारदरांवर काढलेला अंदाज. दुसरा, अंदाज चुकू शकतो या जोखमीपोटी धरलेली भर. तिसरा थर सर्वांत वेगळा: या करारात दडलेला, पण अजून न कमावलेला नफा. नफा देण्यांच्या बाजूला कसा, असं वाटेल. कारण असं की तो कमवायला कंपनीला अजून वर्षानुवर्षं सेवा द्यायची आहे. जशी सेवा दिली जाईल तसा तो थर पातळ होत जातो आणि नफ्यात उतरतो.

आकड्यांत पाहू. एका गटाच्या पॉलिसींवर पुढे येणाऱ्या हप्त्यांची आजची किंमत १०० आहे, दावे आणि खर्चाची ८०, जोखमीची भर ८. उरले १२, तो न कमावलेला नफा. पहिल्या दिवशी १०० येणं आणि ८० + ८ + १२ देणं, निव्वळ शून्य. पॉलिसी विकल्याच्या आनंदात नफा दाखवायची सोयच नाही. आता समजा दाव्यांचा अंदाज ८० ऐवजी ९७ निघाला. ९७ + ८ = १०५. करार ५ ने तोट्यात, आणि हे ५ पहिल्याच दिवशी तोटा म्हणून दाखवावे लागतात. नफा हळूहळू, तोटा ताबडतोब. पुढच्या वर्षांत मृत्यूचा किंवा खर्चाचा अंदाज बिघडला तर तो आधी या तिसऱ्या थरातून भरला जातो, थर संपला की मग तोट्यात. माझ्या मते या मानकाने वाचकाला दिलेली सर्वांत मोठी देणगी हा तिसरा थर आहे, कारण कंपनीने पुढच्या काळासाठी किती नफा साठवला आहे आणि तो वर्षागणिक वाढतोय की आटतोय, हे आता उघड दिसतं.

हिशेबाचा ताळेबंद आणि नियामकाला दाखवायचा ताळेबंद मात्र एक नसतात, हे विसरू नये. युरोपीय संघात १ जानेवारी २०१६ पासून सॉल्व्हन्सी टू ही नियमावली लागू आहे. तिच्यातही उत्तम अंदाज आणि वर जोखमीची भर असते, पण ‘न कमावलेला नफा’ असा थर नसतो. त्यामुळे एकाच कंपनीचं पॉलिसींचं देणं दोन अहवालांत दोन वेगळे आकडे दाखवतं आणि दोन्ही बरोबर असतात. कुठला आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते आधी पाहायचं.

मोठ्या आकड्याभोवती काही लहान देणीही असतात. दावा आला पण पैसे द्यायचे राहिले, हे एक. मृत्यू झाला पण कंपनीला अजून कळवलाच नाही, अशा दाव्यांचा अंदाज हे दुसरं. जाहीर झालेला बोनस एकदा पॉलिसीला जोडला की तो परत घेता येत नाही, म्हणून तोही देण्यात मिळतो. अंतिम बोनस जाहीर झालेला नसला तरी लोकांच्या रास्त अपेक्षेमुळे त्याचा विचार करावा लागतो. आगाऊ भरलेले हप्ते, मुदत संपूनही कुणी न्यायला न आलेल्या रकमा, हेही तिथेच. युनिट-लिंक्ड पॉलिसींचं देणं दिसायला मोठं असतं पण तुलनेने निरुपद्रवी: पॉलिसीधारकाच्या युनिटांची किंमत एवढंच देणं, आणि तीच युनिटं मालमत्तेत. बाजार पडला तर दोन्ही बाजू सारख्याच पडतात. जिथे त्या पॉलिसीला किमान रकमेची हमी जोडलेली असते तिथे मात्र हा समतोल सुटतो. पुनर्विमा, म्हणजे विमा कंपनीने स्वतःचा उतरवलेला विमा, मालमत्तेत वेगळा दाखवतात. मूळ देणं त्याने कमी होत नाही. पुनर्विमा करणारी कंपनी बुडाली तरी पॉलिसीधारकाचे पैसे मूळ कंपनीलाच द्यावे लागतात.

एक जुना वाद इथे उल्लेखायलाच हवा. पॉलिसी विकताना पहिल्या वर्षी एजंटचं कमिशन, तपासणी, कागदपत्रं यांवर बराच खर्च होतो, कित्येकदा पहिल्या हप्त्याहून जास्त. त्यावर पूर्ण देणंही दाखवायचं म्हटलं तर जितका धंदा वाढेल तितका तोटा दिसतो. जर्मन ॲक्च्युअरी आउगुस्ट त्सिलमर यांनी १८६३ साली सुचवलं की हा सुरुवातीचा खर्च पुढच्या हप्त्यांतून भरून निघणार आहे, तेवढ्याने पहिल्या वर्षांतलं देणं कमी धरावं. पद्धत रास्त आहे, पण तिला मर्यादा हवी. पॉलिसीधारक दुसऱ्याच वर्षी निघून गेला तर ते पुढचे हप्ते येतच नाहीत.

हे सगळं इतकं बारकाईने का पाहायचं, ते एका साध्या गणितात दिसतं. समजा कंपनीची मालमत्ता १०० आणि पॉलिसींचं देणं ९०. भागधारकांचं भांडवल १०. देण्याचा अंदाज फक्त २ टक्क्यांनी कमी पडला तर फरक १.८ चा, म्हणजे भांडवलाच्या १८ टक्के. वर्षाचा नफाही याच वाटेने ठरतो, कारण देणं वाढलं की ती वाढ खर्चात जाते आणि घटलं की नफ्यात येते. गृहीतकं किंचित सैल करून एखादं वर्ष छान दाखवता येतं. म्हणून एखाद्या कंपनीचा नफा एकदम उंचावला की पहिला प्रश्न हाच: यातला किती भाग धंद्यातून आला आणि किती गृहीतकं बदलल्याने?

देण्याकडे एकटं पाहूनही चालत नाही. ब्रिटिश ॲक्च्युअरी फ्रँक रेडिंग्टन यांनी १९५२ साली मांडलं की मालमत्तेतून पैसे येण्याचा सरासरी काळ आणि देणी द्यायचा सरासरी काळ जुळवून ठेवला, तर व्याजदराच्या लहान हेलकाव्यांनी दोन्ही बाजू जवळपास सारख्याच हलतात आणि भांडवल सुरक्षित राहतं. दर उतरले, देणं फुगलं, पण लांब मुदतीचे रोखेही तेवढेच महागले. जपानी कंपन्यांची खरी अडचण तीच होती: वचनं लांबची, रोखे त्यामानाने आखूड.

अहवाल हातात आला तर मी मुख्य आकडा पाहून लगेच टिपणांकडे वळतो. व्याजदर अर्धा किंवा एक टक्का हलला तर देणं आणि भांडवल किती हलेल, मृत्यूदर बदलला तर किती, याचा एक तक्ता बहुधा तिथे असतो. त्यात दोन्ही दिशांचे आकडे सारखे नसतील, म्हणजे दर उतरल्यावर नुकसान मोठं आणि चढल्यावर फायदा लहान असेल, तर पॉलिसींमध्ये हमी दडलेल्या आहेत हे ओळखावं. मागच्या वर्षी धरलेले मृत्यू आणि प्रत्यक्ष झालेले मृत्यू, धरलेले सरेंडर आणि प्रत्यक्ष झालेले, यांतला फरक तीन-चार वर्षं एकाच बाजूला झुकलेला दिसला, तर गृहीतक बदलायची वेळ होऊन गेली आहे. देणी कुठल्या वर्षांत द्यायची येतात त्याचा तक्ता मालमत्तेच्या मुदतीशी ताडून पाहावा. आणि ॲक्च्युअरीचं मत वाचताना त्याने कुठली अट घातली आहे तिथे थांबावं.

इक्विटेबलने डिसेंबर २००० मध्ये दार लावलं, पण पॉलिसींचं देणं त्यानंतरही संपलं नाही. नवा ग्राहक एकही न घेता, जुनी वचनं पाळत, ती संस्था आणखी १९ वर्षं चालली. १ जानेवारी २०२० रोजी उरलेला बहुतेक विमा व्यवसाय दुसऱ्या कंपनीच्या ताळेबंदात गेला, आणि त्या पॉलिसीधारकांची देणी आता तिथल्या ॲक्च्युअरींना दरवर्षी नव्याने मोजायची होती.